छापखान्यातल्या ४८६ ची डिस्क बदलताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आमच्या छापखान्याचा तळमजला गेला. कागदाची रिमं फुगून भिंतीला टेकली, ट्रेडल छपाईयंत्रावर गाळाचा थर बसला, टायपाच्या खिळ्यांच्या केसेसमध्ये चिखल भरला. अण्णांचा कॉम्प्युटर वाचला. धंदा बंद केला तेव्हाच त्यांनी तो जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर चढवला होता. पाणी ओसरल्यावर आठवडाभर गाळ उपसण्यात गेला, माळ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्याची आठवण निघाली ती गेल्या दिवाळीनंतर. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाचे कार्यवाह घरी आले. त्यांची १९९७ ची स्मरणिका अण्णांनी छापली होती, ११२ पानांची. पुरात सगळ्या प्रती गेल्या. एक सापडली, पण तिची पानं एकमेकांना चिकटून तिची वीट झाली होती. "अण्णा, मॅटर असेल का हो तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "मॅटर आहे. मशिन सुरू झालं तर आहे."

मी पुण्यात एम्बेडेड सिस्टिमचं, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरचं काम करते. म्हणून ते माझ्याकडे बघत होते.

मशिन म्हणजे ४८६ डीएक्स२ प्रोसेसरचा कॉम्प्युटर, ६६ मेगाहर्ट्‌झचा. ८ एमबी रॅम, ४२५ एमबीची हार्ड डिस्क, डॉस ६.२२ आणि त्यावर विंडोज ३.१. अण्णांनी तो १९९४ साली घेतला. तोवर खिळे जुळवूनच काम चालायचं. आमच्याकडचे दोन जुळारी आधी त्या पडद्याकडे संशयानं बघायचे, मग वर्षभरात त्यातला एकजण पेजमेकर ५ वर अण्णांपेक्षा भराभर पानं लावायला लागला. लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, त्यावरून प्लेट, मग ऑफसेटला. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, यात्रेची पत्रकं, सगळं त्या ४२५ एमबीत.

आता कुणी म्हणेल, डिस्कमधल्या फाईली काढून घ्या आणि आजच्या लॅपटॉपवर उघडा. तिथंच घोडं अडतं. तेव्हा युनिकोड आपल्यापर्यंत पोचला नव्हता. प्रत्येक मराठी फॉन्टच्या पॅकेजनं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीनं काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असायची. तो नेमका फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. शिवाय पॅकेज चालायला प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे किल्लीसारखी एक छोटी डबी लावावी लागायची. म्हणजे स्मरणिका हवी असेल तर फाईल, पेजमेकर, फॉन्ट, डोंगल आणि ते पोर्ट असलेलं मशिन, सगळी जोडणी जागच्या जागी पाहिजे. डिस्क बदलायची, बाकी काही हलवायचं नाही, असं मी ठरवलं.

माळ्यावरून खाली काढल्यावर मशिनला लगेच वीज दिली नाही. या जुन्या मदरबोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग सांभाळायला एक पिंपासारखी छोटी बॅटरी असते, निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते आणि आतला क्षार बोर्डावर पसरतो. झाकण काढलं तर तसंच झालं होतं. बॅटरीखाली हिरवट-निळी बुरशी धरल्यासारखा थर, आणि कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत गेलेली एक रेघ. बॅटरी कापून काढली. तो द्रव अल्कलीधर्मी असतो, म्हणून आधी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. भिंगाखाली एकेक रेघ तपासली. एक रेघ तुटली होती, ती बारीक तारेनं जोडली. नव्या बॅटरीसाठी बोर्डावर वेगळा चार पिनांचा कनेक्टर होता, तिथं पेन्सिल सेलची छोटी पेटी वायरनं लांब, केसच्या कोपऱ्यात लावली. पुन्हा कधी गळली तरी बोर्डाला काही होऊ नये म्हणून. कनेक्टर नसेल आणि जुन्या बॅटरीच्याच जागी साधे सेल लावायचे असतील, तर मध्ये डायोड हवाच. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असतो, साध्या सेलला चार्ज करायला गेला तर ते फुटतील.

आता डिस्क. झाकणाच्या आतल्या बाजूला तेव्हाच्या टेक्निशियननं मार्करनं लिहून ठेवलं होतं, ९८९-१५-५६. सिलिंडर, हेड, सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागा मोजायची तीन मापं. बॅटरी मेली की बायोस, म्हणजे मशिन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, हे आकडे विसरतं आणि डिस्क नाहीच असं सांगतं. कितीतरी चांगल्या डिस्का एवढ्याच कारणानं भंगारात गेल्या असतील. गुणाकार करून बघितला: ८,३०,७६० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, एकूण ४२,५३,४९,१२० बाइट. हेच ते ४२५ एमबी.

जुन्या डिस्कवरून मशिन सुरू करून बघायचा मोह होतो. अण्णांनाही झाला होता. मी नको म्हटलं. जुनी डिस्क किती वेळा सुरू होईल ते सांगता येत नाही, आणि जेवढ्या वेळा होईल तेवढ्या वेळा ती फक्त नक्कल काढण्यासाठीच व्हावी. विंडोज उघडताना ती डिस्कवर लिहितेसुद्धा. म्हणून आधी नक्कल, मग बाकी सगळं.

माझ्याकडच्या यूएसबी अडॅप्टरला डिस्क लावली. काहीच नाही. बोट टेकवून बघितलं, कंपन नाही, म्हणजे ताटली फिरतच नव्हती. बरीच वर्षं पडून राहिलेल्या डिस्कमध्ये वाचणारं हेड ताटलीला चिकटून बसतं आणि मोटरला ते सोडवण्याइतका जोर नसतो. डिस्क आडवी तळहातावर धरली आणि वीज चालू असताना मनगटानं झटकन एक गिरकी दिली, ताटली ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत. तिसऱ्या गिरकीला आवाज आला. तो चढत जाणारा सूर आणि मग टक्, टक्‌टक्. अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर आले. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले.

डिस्क फिरत होती, तरी लॅपटॉपला दिसेना. याचं कारण मला ठाऊक असायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं नाही. आजचे यूएसबी अडॅप्टर डिस्कला सेक्टरचा सलग क्रमांक सांगतात. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कना सिलिंडर-हेड-सेक्टर अशाच पत्त्यानं हाक मारावी लागते. दोघांची भाषा जुळत नाही. म्हणजे जिच्या मदरबोर्डावरच आयडीई या डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचं सॉकेट आहे अशी मशिन हवी, आणि फिरायला लागलेली डिस्क बंद करून तिकडे न्यायला हवी. बंद करताना हात जड झाला होता, खरं सांगते.

शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडे जुना पेंटियम ४ पडून होता. तो आणला, सीडीवरून लिनक्स सुरू केलं. पट्टीच्या केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे, डिस्कवरची छोटी जंपर टोपी मास्टरवर, म्हणजे ही मुख्य डिस्क. दोन गिरक्यांत डिस्क पुन्हा फिरली. आता तिला थांबवायचं नव्हतं.

नक्कल काढायला डीडीरेस्क्यू वापरलं. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडून बसते आणि तिथंच घासत राहते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा एका नोंदवहीसारख्या फाईलमध्ये टिपून ठेवतं, आणि मग सावकाश त्या जागांकडे परत येतं. मध्येच वीज गेली तरी नोंद शिल्लक असल्यामुळे पुढून सुरू करता येतं. पहिल्या फेरीत, पाऊण तासात, ३७ सेक्टर सोडून सगळं हाती आलं. मग रात्रभर प्रयत्न चालू ठेवला. सकाळी ११ उरले. ते शेवटपर्यंत आले नाहीत.

आठ लाखांत ११ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ते कुठे आहेत त्यावर सगळं अवलंबून असतं. पानाच्या फाईलच्या मधोमध असतील तर अख्खी फाईल उघडणार नाही. शोधायची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते: न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यूकडूनच एखादा असा शब्द भरून घ्यायचा, जो दुसरीकडे कुठे असण्याची शक्यताच नाही, आणि मग सगळ्या फाईलींत तो शब्द शोधायचा. जिथे सापडेल ती फाईल जखमी.

त्यासाठी नकलेतलं विभाजन, म्हणजे पार्टिशन, लिनक्सवर उघडायला हवं होतं, आणि ते उघडेना. सवयीनं मी ते ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं असं धरलं होतं, कारण नंतरच्या काळात तसं असायचं. डॉस पहिला ट्रॅक, म्हणजे ताटलीवरचं पहिलं वर्तुळ, सोडून देतं. पण या डिस्कच्या ट्रॅकवर सेक्टरच मुळी ५६ आहेत. ५६ गुणिले ५१२, म्हणजे २८,६७२ बाइट सोडून सांगितलं, आणि सगळ्या फोल्डरांची यादी समोर आली. लग्न९५. लग्न९६. गणपती. वाचन. मूळ नावं इंग्रजी अक्षरांत होती, आठ अक्षरांच्या मर्यादेत बसवलेली, पण मला ती अशीच वाचता आली.

११ पैकी ४ सेक्टर कुठल्याच फाईलमध्ये नव्हते. ६ होते १९९८ च्या एका लग्नपत्रिकेत. उरलेला एक ठळक फॉन्टच्या फाईलमध्ये होता. फॉन्टच्या मूळ फ्लॉप्या अण्णांनी बिस्किटाच्या डब्यात, प्रत्येकीला वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. ड्राइव्हचं हेड अल्कोहोलनं पुसून घेतलं आणि फॉन्ट तिथून परत मिळाला. स्मरणिकेचं फोल्डर पूर्ण शाबूत होतं. त्या दिवशी मी नकलेच्या तीन प्रती केल्या, त्यातली एक पुण्याला.

नव्या डिस्कसाठी मी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड निवडलं. हा प्रकार सॅनडिस्कनं १९९४ साली आणला, म्हणजे अण्णांचं मशिन आणि हे कार्ड एकाच वर्षातलं. आणि महत्त्वाचं म्हणजे या कार्डाच्या आतच आयडीईची भाषा बोलणारा कंट्रोलर असतो. त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे नुसती पिनांची अदलाबदल, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. एसडी कार्डाचे अडॅप्टर स्वस्त मिळतात, पण त्यात भाषांतर करणारी वेगळी चिप असते, आणि जुन्या बायोसबरोबर तिचं जमेलच अशी खात्री नसते. माझा कल कॉम्पॅक्टफ्लॅशकडेच.

कार्ड मिळालं फोटो स्टुडिओत. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत हीच कार्डं असायची, आता ती खणात पडून असतात. ४ जीबीचं एक त्यांनी तसंच देऊन टाकलं. अडॅप्टर असा घेतला की तो केसच्या मागच्या पट्टीत बसतो आणि कार्ड बाहेरून काढता येतं. मात्र मशिन पूर्ण बंद करूनच. आयडीईला जोडलेलं कार्ड चालू मशिनमधून ओढायचं नाही.

मग माझी चूक. वेळ वाचवावा म्हणून कार्ड लॅपटॉपवरच विभागून, फॉरमॅट करून, फाईली टाकून आणलं. ४८६ ला लावलं, बायोसमध्ये टाइप ४७ निवडून आकडे भरले, आणि पडद्यावर आलं "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम". लॅपटॉप कार्डाकडे २५५ हेडांची डिस्क म्हणून बघतो आणि तसे पत्ते पहिल्या सेक्टरात लिहितो. ४८६ चं बायोस त्याच कार्डाकडे १६ हेडांची डिस्क म्हणून बघतं. एकच घर, पण दोघांच्या नकाशात वेगळ्या गल्लीत. त्यामुळे कार्ड जिथे चालायचंय तिथंच ते विभागायचं आणि तिथंच फॉरमॅट करायचं. कार्डाची सुरुवात शून्यांनी पुसली, डॉसच्या फ्लॉपीवरून ४८६ सुरू केला, एफडिस्कनं कार्ड विभागलं, मग सिस्टिमसकट फॉरमॅट. फ्लॉपी काढून पुन्हा सुरू केलं आणि सी प्रॉम्प्ट आला.

पण ४ जीबीच्या कार्डातले ५०४ एमबीच दिसत होते. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. बायोसच्या नियमात सिलिंडर १,०२४ पर्यंत, हेड २५६ पर्यंत आणि सेक्टर ६३ पर्यंत चालतात. आयडीईच्या नियमात सिलिंडर ६५,५३६ पर्यंत, हेड फक्त १६ आणि सेक्टर २५५ पर्यंत. दोन्ही नियम ऐसपैस आहेत. पण दोघांतून जायचं तर प्रत्येक ठिकाणी जो कडक असेल तोच लागू होतो: १,०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणिले ५१२ केलं की ५२,८४,८२,३०४ बाइट. एक एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरले तर बरोबर ५०४ एमबी. दोन्ही नियम लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे आकडे जुळवून बघितले असते तर १९९० च्या दशकातल्या किती दुरुस्त्या वाचल्या असत्या, असं मला राहून राहून वाटतं.

जुनी डिस्क ४२५ एमबीची होती, म्हणजे ५०४ मध्ये सगळं मावत होतं. नुसतं मशिन चालू ठेवायचं असेल तर इथंच थांबावं, मी तेच सुचवीन. ५१२ एमबीचं कार्ड मिळालं तर उत्तम, ते बहुधा या मर्यादेच्या आतच बसतं. मला पुढे जावं लागलं कारण स्मरणिकेची पानं मला पोस्टस्क्रिप्टच्या, म्हणजे प्रिंटरला पान समजावून सांगणाऱ्या भाषेतल्या फाईलीत छापून घ्यायची होती, आणि फोटो असलेल्या पानांच्या त्या फाईली फार मोठ्या होतात.

तेव्हाचा उपाय म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरात बसणारं एखादं मध्यस्थ सॉफ्टवेअर. ते चालतं, पण ते पुसलं गेलं की डिस्कवरचं काहीच दिसत नाही, आणि तेच कार्ड लॅपटॉपमध्ये लावल्यावर गोंधळ होतो. मी दुसरा रस्ता घेतला. एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस नावाचा मुक्त प्रकल्प आहे, हौशी लोकांनी मिळून केलेला. मूळ बायोसला हात न लावता, एका छोट्या रॉम चिपमधून तो डिस्कचं काम स्वतःकडे घेतो. ही चिप बसवायला वेगळं कार्ड घ्यायला हवं असं नाही. आयएसए या तेव्हाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या जुन्या नेटवर्क कार्डांवर एक रिकामं २८ पिनांचं सॉकेट असतं, नेटवर्कवरून मशिन सुरू करण्याच्या रॉमसाठी. ते सॉकेट आयतंच मिळतं.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळी गेले. भांडी, घड्याळं, रेडिओ, मोटरी, आणि एका ताडपत्रीवर सर्किट बोर्डांचा ढीग. विक्रेत्याला ते वजनावर विकायचे होते, मला त्यातलं एकच हवं होतं. शेवटी पन्नास रुपयांत दिलं. ८ केबीची पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप बुधवार पेठेत मिळाली, लिहायला प्रोग्रॅमर ऑफिसातल्या मैत्रिणीचा. लिहिण्याआधी त्या बायोसबरोबर येणारा सेटिंगचा प्रोग्रॅम चालवून मशिनप्रमाणे फाईल तयार करून घ्यावी लागते. रॉम बरोबर आहे का ते तपासायची शेवटची बेरीज तोच बरोबर बसवतो, ती चुकली तर मशिन त्या रॉमकडे ढुंकूनही बघत नाही. मग नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं सॉकेट चालू केलं, पत्ता डी००० दिला, आणि मूळ बायोसमध्ये हार्ड डिस्क "नाही" असं सांगितलं. शेवटचं वाक्य विचित्र वाटतं, पण तसंच करायचं असतं, म्हणजे दोघं एका डिस्कवर हक्क सांगत नाहीत. ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमलाही तो पत्त्यांचा तुकडा वगळायला सांगितलं, खबरदारी म्हणून.

मशिन सुरू केलं. नेहमीची रॅमची मोजणी झाली आणि त्याखाली एक नवी ओळ उमटली: मास्टर, आणि पुढे त्या कॅमेऱ्याच्या कार्डाचं नाव. अण्णांनी चष्मा लावून ती ओळ वाचली.

आता पत्ते बदलले होते, म्हणून कार्ड पुन्हा पहिल्यापासून विभागलं. डॉसच्या फॅट१६ या फाईली मांडायच्या पद्धतीत एक भाग २ जीबीपर्यंत करता येतो, पण तेवढ्या मोठ्या भागात एक अक्षर लिहिलेली फाईलसुद्धा ३२ केबी जागा अडवते. फॉन्टच्या, पत्रिकांच्या शेकडो लहान फाईलींना ते परवडत नाही. सी चा भाग ५०० एमबी ठेवला, तिथं ही अडवणूक ८ केबीच असते, आणि पोस्टस्क्रिप्टसाठी डी चा मोठा भाग. सगळं जुनं काम सी वर त्याच नावांच्या फोल्डरांत ठेवलं. पेजमेकरच्या फाईलमध्ये मोठे फोटो सहसा साठवत नाहीत, फोटोचा पत्ता साठवतात. पत्ता बदलला की एकेक फोटो हातानं शोधून द्यावा लागतो. फाईली मात्र लॅपटॉपवरूनच टाकल्या. एकदा ४८६ नं कार्ड विभागलं की लॅपटॉपला त्यावर लिहायला अडचण येत नाही.

विंडोज पहिल्यांदा उघडताना कुरकुरली. रॅम कमी पडली की वापरायची तिची कायमस्वरूपी स्वॅप फाईल डिस्कवर ठरावीक सलग जागी लागते, आणि नकलेतून आलेली ती दुसरीकडेच जाऊन बसली होती. ती उडवली. ३२ बिट डिस्क ॲक्सेस हा पर्यायही बंद केला, कारण तो डिस्कच्या कंट्रोलरशी थेट बोलतो आणि नव्या बायोसला वगळून जातो. त्यानंतर प्रोग्रॅम मॅनेजर आला. मी मोजलं, १७ सेकंद. पूर्वी अण्णा विंडोज टाकून चहा सांगायला खाली जायचे.

"चालू झालं का?" अण्णांनी विचारलं. पडद्यावर सगळं दिसत असतानाही. आवाज येत नव्हता ना. डिस्कच्या आवाजावरून त्यांना कळायचं की पेजमेकर अजून ओळी लावतोय, की फाईल साठवली जातेय, की मशिन अडकलंय. आता फक्त पंख्याची घरघर. अडॅप्टरवरून केसच्या लाल दिव्याला वायर जोडली होती, तो लुकलुकतो तिकडे बघा म्हटलं. ते दिव्याकडे बघायला शिकले, पण मला वाटतं त्यांना तो आवाज हवा होता. मलाही हवा होता. त्या टक्‌टकीत मी दहावीचा अभ्यास केलाय.

डोंगल लावलं, स्मरणिकेची फाईल उघडली. मुखपृष्ठ, मनोगत, कार्यकारिणीचे फोटो, काने-मात्रे जागच्या जागी. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून कागदाऐवजी डी वर छापायला सांगितलं. पहिल्यांदा मथळे बिघडून आले, कारण फॉन्ट फाईलमध्येच समाविष्ट करण्याचा पर्याय घ्यायचा राहिला होता. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर. मशिन बंद करून कार्ड मागून काढलं, लॅपटॉपला लावलं, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमनं पीडीएफ केली.

अण्णांनी ती पीडीएफ शेवटापासून बघायला सुरुवात केली. पहिल्याच, म्हणजे ११२ व्या पानावर ते थांबले. तिथं शुद्धिपत्र होतं. सहा फर्मे, म्हणजे एकत्र छापले जाणारे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, छापून झाल्यावर वाचनालयाच्या लोकांना नऊ चुका सापडल्या होत्या, त्यात एका देणगीदाराचं आडनावच चुकलं होतं. सातवा फर्मा बाकी होता, म्हणून त्याच्या शेवटच्या पानावर चुकांची यादी घातली. "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली," ते म्हणाले, "ते गृहस्थ दुकानात येऊन काही न बोलता स्मरणिका टेबलावर ठेवून गेले होते."

मग कार्ड परत ४८६ मध्ये बसवलं. अण्णा स्वतः कीबोर्डवर बसले. बोटं थोडी थांबत होती, पण कुठलं जोडाक्षर कुठल्या कळीवर आहे ते त्यांना आठवत होतं. नऊच्या नऊ दुरुस्त्या त्यांनी त्याच फाईलमध्ये, त्याच फॉन्टमध्ये केल्या. प्रत्येकीनंतर साठवायचे, आणि दिवा विझेपर्यंत थांबायचे.

शुद्धिपत्राचं पान आता रिकामं आहे. सोळा पानांचे सात फर्मे, एक पान कमी करून चालत नाही. अण्णांनी कार्यवाहांना फोन करून सांगितलं की त्या पानावर पुराबद्दल लिहून द्या. तीस ओळी, बारा पॉइंटात. मॅटर अजून आलेलं नाही.